दुसरी वेलांटी

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका काढून पोट भरते. सत्तावीस वर्षं झाली. आता सवय अशी जडली आहे की लग्नपत्रिका हातात आली की नवरी कोण हे कळायच्या आधी 'आशिर्वाद'मधली ऱ्हस्व शि दिसते. खानावळीचा फळा, दवाखान्याची पाटी, रिक्षाची मागची काच, जिथे अक्षर आहे तिथे माझी नजर जाऊन अडते ती चुकलेल्या अक्षरावर. ज्या पानावर एकही चूक नाही ते पान मला दिसतच नाही. उलटते आणि पुढे जाते. हे सगळं सांगायचं कारण एक कुत्री आहे.

२०२३च्या जूनमध्ये, पुण्याच्या शनिवार पेठेतल्या ज्या छापखान्यात माझं येणंजाणं असतं त्याच्या जिन्याखाली, कागदाच्या कातरणांत ती सापडली. आई गाडीखाली गेली होती, बाकीची पिल्लं कोणी कोणी नेली होती, ही एक उरली होती. सात आठवड्यांची असावी. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि शेपटी पाठीवर अशी काही वळलेली की बाइंडिंगवाले काका म्हणाले, "मॅडम, हिच्या पाठीवर वेलांटी आहे बघा." डीटीपी करणारा मुलगा खुर्चीतूनच ओरडला, "पहिली का दुसरी?" शेपटी मागून येते, तेव्हा दुसरीच. नाव तिथेच पडलं. रिक्षा कोथरूडला पोचेपर्यंत वेलांटीची वेलू झाली होती आणि माझ्या मांडीवरची प्रुफं ओली झाली होती.

एरवी मी तिला पाळलं असतं, दोन वेळा फिरवलं असतं आणि विषय संपला असता. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मी लेकीकडे बर्मिंगहॅमला होते आणि तिने मला 'क्रफ्ट्स' बघायला नेलं होतं. जगातला सगळ्यांत गाजलेला कुत्र्यांचा मेळा, चार दिवस चालतो. केस विंचरलेल्या, पावडर लावलेल्या कुत्र्यांत मला फारसा रस वाटला नाही. पाय थांबले ते अजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या, रिंगणापाशी. आणि खरं सांगायचं तर कुत्री धावायच्या आधीच थांबले. रिकाम्या रिंगणात चाळीस-पन्नास माणसं उतरली होती, एकाही कुत्र्याशिवाय. प्रत्येक जण हवेत हात दाखवत, मधेच गिरकी घेत, मधेच उलट्या पावली मागे सरत, कोणाशी तरी बोलत धावत होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, हे काय सामुदायिक अंगात येणं आहे! लेक म्हणाली, "आई, ते वाट पाठ करतायत. अडथळे कोणत्या क्रमाने घ्यायचे ते आजच कळतं. कुत्र्याला नंबर वाचता येत नाहीत, मग कुठे वळायचं ते माणसाने अंगाने सांगायचं."

त्यानंतर कुत्री आली. उडी, बोगदा, उडी, फळीवरचा पूल, सीसॉ, आणि बारा काठ्यांच्या रांगेतून नागमोडी सुईदोरा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं आटोपतं. मी हातातला कॉफीचा कप तोंडाला न लावताच थंड केला.

हा खेळ जन्मला तो वेळ भरून काढायला. १९७८ साली क्रफ्ट्स लंडनला ऑलिम्पियात भरत असे. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधे रिकामा वेळ राहत होता, प्रेक्षक कंटाळायचे. समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला सांगितलं, मधे काहीतरी दाखव. त्यांनी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून कुत्र्यांसाठी एक खेळ बसवला. लोकांना तो इतका आवडला की दोनच वर्षांत, १९८०मध्ये, तिथल्या केनेल क्लब या कुत्र्यांच्या संस्थेने नियम करून त्याला मान्यता दिली. आमच्या धंद्यातही असं होतं. पानाच्या तळाशी जागा उरली म्हणून टाकलेला चौकटीतला मजकूरच वाचक कापून ठेवतात.

तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दीड-दोन किलोचं हे पिल्लू पिशवीत घालून मी सूसच्या पुढे एका शेतात गेले. तिथे एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा कुंपण घालून कुत्र्यांना शिकवतो, असं ऐकलं होतं. त्याने वेलूला खाली ठेवायला सांगितलं, पाच मिनिटं नुसतं बघितलं. मी विचारलं, "उड्या कधी सुरू करायच्या?"

"काकू, वर्षभराने."

"मग वर्षभर काय करायचं?"

"तिच्याशी मैत्री करा. आणि तिला काही न करायला शिकवा."

मला वाटलं, हा फी घेऊन मला घरी बसवतोय.

काही न करणं म्हणजे काय, ते चटईने शिकवलं. रोज संध्याकाळी एक लहान चटई घेऊन कुठेतरी जायचं, ती पसरायची, पिल्लाने तिच्यावर बसायचं आणि जग बघायचं. बस्स. लसींचा कोर्स अजून पुरा व्हायचा होता. तो साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो आणि तोवर पार्व्हो या जीवघेण्या रोगाच्या भीतीने रस्त्यावर सोडता येत नाही. पण दुसरीकडे अडचण अशी की पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं वय तिसऱ्या आठवड्याला सुरू होतं आणि बाराव्या-चौदाव्याच्या सुमारास त्याचं दार लोटलं जायला लागतं. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे दाखवून दिलं, त्यालाही आता साठेक वर्षं झाली. म्हणजे दार बंद व्हायच्या आत जग दाखवायचं, पण पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "कडेवर घेऊन हिंडा." मी भाजीची खादीची पिशवी काढली. पिशवीतून डोकं बाहेर काढून वेलूने मंडई बघितली, लक्ष्मी रोड बघितला, बँडवाल्यांची दुकानं बघितली, बोहरी आळीत लोखंडी पत्रे आपटतात तो आवाज ऐकला. 'हात लावू का?' असं विचारणाऱ्या शंभर जणांना मी 'नको' म्हटलं. या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. पिल्लाला माणसाळवणं म्हणजे त्याला जो येईल त्याच्या हातात देणं नव्हे. लांबून बघून, 'आहे बुवा असंही काही', असं म्हणून त्याने जांभई दिली, की काम झालं.

पुण्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे ढोलपथकांचा सराव. नदीपात्रात संध्याकाळी चार-चार पथकं एकदम वाजत असतात. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या लांब बसलो की ढोल ऐकू येण्यापेक्षा छातीत कळत होता. वेलूचा उभा कान ढोलाकडे, पडलेला कान माझ्याकडे. तिने ढोलाकडे बघून परत माझ्याकडे बघितलं की उकडलेल्या चिकनचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा. रोज दहा पावलं पुढे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती टोलाच्या आवाजात चटईवर झोपून गेली होती. पथकातल्या एका मुलीने येऊन विचारलं, "काकू, हिला ऐकू येत नाही का?"

चिकनवरून घरात थोडं झालं. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, स्वयंपाकघर त्यांचं. शेवटी गॅलरीत इंडक्शनची शेगडी आणि एक वेगळं पातेलं, असा तह झाला. "आमच्या गावी कुत्री धावायचीच की," त्या म्हणायच्या. "त्यांना कोणी क्लास लावला होता?"

आता मुद्द्याचं. या खेळाचं सगळं शिकवणं एका साध्या गोष्टीवर उभं आहे. कुत्र्याने बरोबर केलं त्या क्षणी त्याला कळलं पाहिजे की हेच, हेच बरोबर. क्षणी म्हणजे क्षणीच. दोन सेकंदांनी शाबासकी दिली तर तोवर कुत्रा दुसरंच काही करत असतो आणि शाबासकी त्याला जाऊन चिकटते. म्हणून एक खुणेचा आवाज ठरवतात, त्याच्यामागून खाऊ येतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं १९४०च्या दशकात हे तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर घेऊन आलं. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी शिट्टी वापरली, कारण उडीच्या टोकाला असलेल्या डॉल्फिनच्या तोंडात मासा द्यायचा कसा? शिट्टी हवेतच सांगते, हे बरोबर, मासा खाली आल्यावर. कुत्र्यांसाठी डबीएवढा क्लिकर मिळतो, टिक वाजतो. माझा पहिल्याच आठवड्यात हरवला. मी म्हटलं, आवाजच हवा ना, आणि बॉलपेन काढलं. टक.

हे किती महागात पडेल हे तेव्हा सुचलं नाही. वेलू आठवड्याभरात 'टक' शिकली. आणि मी दिवसाचे आठ तास टेबलाशी बसून विचार करताना बॉलपेन टकटकवते. दर टकला आतल्या खोलीतून चार पाय धावत यायचे आणि माझ्यासमोर बसून प्रामाणिकपणे मजुरी मागायचे. आणि टक केलं की खाऊ द्यायचाच, हा नियम मोडला तर खूण खोटी पडते. एका दिवाळी अंकाच्या प्रुफांपायी मी तिला अर्धी वाटी चिकन चारलं. अखेर बॉलपेनं कपाटात गेली, मी पेन्सिलीवर आले आणि खुणेसाठी आम्ही एक शब्द ठरवला. शब्द तरी कसला, 'हं!' ओठसुद्धा उघडायला लागत नाहीत.

तर पिल्लू चार महिन्यांचं असताना, शेतावरच्या एका सकाळी, त्या मुलाने माझा व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. वेलू जमिनीवर ठेवलेल्या दोन पाइपांच्या मधल्या जागेतून चालत होती. तीनदा नीट गेली. मी गप्प. चौथ्यांदा बाजूने गेली. लगेच माझा आवाज, "अंहं! वेलू! असं नाही!" पुन्हा दोनदा नीट. मी गप्प. पुन्हा चुकली. पुन्हा आवाज.

"काकू," तो म्हणाला, "तिचं बरोबर असतं तेव्हा तुम्ही दिसतच नाही."

मी त्या व्हिडिओकडे बघत राहिले. त्या बाईला मी ओळखत होते. ज्या पानावर चूक नाही ते पान उलटून पुढे जाणारी बाई. माझी लेक दहावीला असताना तिने मला निबंध वाचायला दिला होता. मी सहा चुका काढून परत केला. ती काय म्हणाली होती ते आत्ता इथे लिहीत नाही.

मग सुरू झाली माझी शिकवणी. घरी फोन खांबाला टेकवून व्हिडिओ लावायचा आणि नुसतं बरोबर असेल तिथे 'हं' म्हणायचं. चुकलेल्या जागी तोंड मिटून ठेवायचं. ते मिटता मिटत नाही. पायाच्या बोटांपर्यंत 'अंहं' भरलेलं असतं. आणि 'हं' मात्र अडकतो, उशिरा निघतो, पाय खाली टेकून गेल्यावर निघतो. या सगळ्यात एक गंमत झाली. सासूबाई मागे बसून वाती वळत होत्या. त्या माझ्या अर्धा क्षण आधी, अगदी पायावर पाय पडावा तसा, 'हं' म्हणायच्या. दरवेळी. मी मागे वळून बघितलं. चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवलेली बाई. तिला सम कुठे येते हे शिकवायला लागत नाही.

तेव्हापासून घरातल्या शिकवणीत खाऊ माझ्या हातात आणि 'हं' त्यांच्या तोंडात, अशी वाटणी झाली. चिकनचं पातेलं गॅलरीतून ओट्याच्या कडेला कधी आलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सामान सगळं घरचं. कुत्र्याला पुढचे दोन पाय आहेत हे माहीत असतं. मागचे दोन आपोआप मागून येतात, अशी त्याची समजूत असते. ते दोन त्याच्याच मालकीचे आहेत हे कळायला एक खेळ आहे. पुढचे पाय एखाद्या ठोकळ्यावर ठेवायचे आणि मागचे पाय टाकत घड्याळाच्या काट्यासारखं भोवती फिरायचं. बाजारात त्यासाठी रबरी गोल ठोकळे मिळतात. आम्ही पाट घेतला, जेवायला बसायचा, पितळी फुल्यांचा. नंतर शिडी आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून चालणं. नंतर घडी केलेल्या टॉवेलवर फळी ठेवून ती डुगडुगली तरी खाली न उतरणं. कारण सीसॉचं भय असतं ते उंचीचं नसतं, पायाखालची जमीन हलण्याचं आणि शेवटी फळी आपटते त्या आवाजाचं असतं. त्यासाठी स्टीलचं ताट फरशीवर पालथं घालून त्यावर पाय आपटायचा खेळ केला. तो तिला इतका आवडला की रात्री दोन वाजता ती तो एकटीच खेळायला लागली. ताट वरच्या फळीवर गेलं.

चौथ्या महिन्यात दात पडायला लागले. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात, पुढे ४२ येतात. त्या दिवसांत दोरी ओढण्याचे खेळ सांभाळून खेळायचे, हिरड्या दुखतात. गालिच्यात तांदळाच्या कणीएवढा एक सुळा सापडला. सासूबाईंनी तो काही न बोलता गच्चीवर नेऊन पत्र्यावर टाकला.

इथे एक कबुली द्यायची आहे, ती माझ्याच चुकीची. सहाव्या महिन्यात वेलू लांब पायांची, टणक, सुंदर दिसायला लागली होती. लेकीला व्हिडिओ पाठवायची हौस. गच्चीवर दोन-दोन विटांवर झाडूची दांडी ठेवली, तिने सहज ओलांडली. तीन-तीन विटा केल्या, ओलांडली. चार. ती वर गेली आणि उतरताना गच्चीच्या गुळगुळीत फरशीवर मागचा डावा पाय फाकला. ओरडली नाही.  फक्त पाय वर धरून माझ्याकडे चालत आली, जणू हा पाय माझाच असावा आणि तो मला परत करायचा असावा.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं, स्नायूवर ताण आला होता. पण डॉक्टरांनी मला काचेवर दुसरंच दाखवलं. गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट. मी घाबरले, मोडलंय वाटलं. ते म्हणाले, "असायलाच हवी. इथूनच हाड वाढतंय. ही कूर्चा आहे, मऊ आहे, भरून यायला अजून बरेच महिने. तोवर इथे जोराचा आघात बसला तर पाय वाकडा वाढू शकतो." मी त्या फटीकडे बघत राहिले. जोडाक्षरातली दोन अक्षरं अजून जुळायची असावीत तसं ते दिसत होतं. लहान चणीच्या कुत्र्यांत ही फट लवकर भरते, मोठ्या जातींत दीड वर्षसुद्धा लागतं. ब्रिटनमध्ये आणि जागतिक संघटनेच्या स्पर्धांत कुत्रा १८ महिन्यांचा झाल्याशिवाय उतरवता येत नाही, अमेरिकन केनेल क्लबची अट १५ महिन्यांची. हे मी आधी वाचलं होतं. नियम आहे म्हणून वाचलं होतं. छापील चूक शुद्धिपत्रात दुरुस्त करता येते. तीन आठवडे ती पट्ट्याला बांधून घरात होती आणि त्या तीन आठवड्यांत मी तो व्हिडिओ लेकीला पाठवला नाही.

आठव्या महिन्यात वेलू मला विसरली. हे सगळ्यांचं होतं म्हणतात, वयच तसं. वेताळ टेकडीवर मोर दिसला आणि सहा महिन्यांची शिकवण, चिकन, मैत्री, सगळं मोराच्या मागे गेलं. चाळीस मिनिटांनी परत आली, अंगभर कुसळं आणि कानात गोचीड. पावसाळ्यानंतर गवतात गोचिडांचं राज्य असतं, आणि त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्याला पार खलास करतो. रात्री सासूबाई टॉर्च धरून आणि मी चिमटा धरून, पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासत बसलो. त्यानंतर चार महिने ती लांब दोरीला बांधलेली. इंटरनेटवर 'लाँग लाइन' नावाने भारी किमतीला मिळते. मी मंडईतून बैलाचा सुती कासरा आणला.

गावठी कुत्रं घेऊन या खेळात उतरताना एक गोष्ट माहीत असावी. या खेळात बॉर्डर कॉली जातीचं राज्य आहे. मेंढपाळाच्या इशाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली जात. त्या कुत्र्याला तेच काम पन्नासदा सांगा, एकावन्नाव्यांदा तो जास्त उत्साहाने करेल. आपल्या गावठीला कोणी निवडलेलं नाही, तो स्वतःच्या हिकमतीवर टिकलाय. फुकट पळायचं नाही, हे त्याच्या रक्तात आहे. वेलू एखादी गोष्ट तीनदा आनंदाने करते. चौथ्यांदा सांगितलं की ती थांबून बघते: आधीच्या तीनदा काय वाईट होतं? पाचव्यांदा उठून सावलीत जाते. माझ्या ओळखीचे एक लेखक तंतोतंत असे आहेत. तेव्हा आमची शिकवणी दोन मिनिटांची, तिसऱ्याला थांबायची. मला वाटतं तिच्यामुळे मी बरी शिकले. कॉलीने माझी ढिलाई खपवून घेतली असती.

वर्ष पुरं झालं आणि मे महिन्याच्या उन्हात शेवटी अडथळे आले. सकाळी सहाला जायचं, साडेसातला बोगद्याचं कापड तव्यासारखं तापतं. हर्डल मी स्वतः केली. बोहरी आळीत एक इंची पीव्हीसी पाइप, टी आणि एल्बो घेतले. दुकानदाराने नक्शा बघून विचारलं, "ताई, हे कुठल्या बाथरूमचं?" कुत्रीला उड्या मारायला, म्हटल्यावर त्याने चार एल्बो वर टाकले.

आणि मग कळलं की वर्षभर मी तिला शिकवत होते ते सोपं होतं. आता पाळी माझी होती. मी शब्दांची माणूस. मला वाटायचं 'टनेल!' म्हटलं की ती बोगद्यात जाईल. ती जायची, पण माझे खांदे उडीकडे वळलेले असतील तर उडीकडे जायची. कुत्र्यासाठी शब्द सगळ्यांत शेवटी. आधी माणूस कुठे चाललाय, मग पावलं कुठे वळलीत, मग खांदे, मग हात, मग डोळे, आणि एवढं सगळं जुळलं तर तोंडातून काय निघतंय ते. "काकू, तुमची छाती बोगद्याकडे, बोटं उडीकडे आणि तोंडात सीसॉ," तो मुलगा म्हणायचा. "तिने तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?" कुत्र्याच्या पुढून वळणं, मागून वळणं, पाठ करून वळणं, या तीन वळणांची नावं इंग्रजीत आहेत आणि मला ती ओळीने पाठ आहेत. पायांना एकही पाठ नव्हतं. मग मी गच्चीवर एकटी सराव करायला लागले. वाळत घातलेल्या चादरींमधून हात दाखवत, गिरकी घेत, उलट्या पावली मागे सरत. बी विंगमधल्या वहिनींनी खाली भेटल्यावर सासूबाईंना हळूच विचारलं, "सूनबाई बऱ्या आहेत ना?"

जानेवारीत, वेलू वीस महिन्यांची असताना, त्याच शेतावर एक छोटी मैत्रीची स्पर्धा झाली. चौदा कुत्री. आधी उंची मोजली, ती खांद्यापाशी मोजतात. वेलू ४६ सेंटीमीटर. जागतिक नियमांत ४३ ते ४८च्या मधली इंटरमीजिएट नावाची इयत्ता आहे, तिच्यात बसणारी. मला ड्रॉइंगची परीक्षा आठवली. दहा अडथळे, त्यात शेवटाकडे सहा काठ्या. काठ्यांत शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला लागली पाहिजे, हा नियम जगभर एकच. कुठल्याही कोनातून आलं तरी.

वाट पाठ करायला रिंगणात सोडलं. मी त्या बारा-तेरा माणसांत हात दाखवत फिरत होते आणि कुंपणापलीकडे खुर्चीवर शाल घेऊन सासूबाई बसल्या होत्या. बर्मिंगहॅमची आठवण आलीच.

धाव एकोणचाळीस सेकंदांची झाली. तिसऱ्या उडीनंतर मी उशिरा वळले, वेलू बोगद्यात दुसऱ्यांदा गेली, चुकीचा अडथळा, म्हणजे तिथेच बाद. शिट्टी वाजली तरी पळू देतात. तिने पूल घेतला, पण उतरताना खालच्या पिवळ्या पट्ट्यावर एक तरी पाय पडायला हवा, तो चुकवून उडी मारली. काठ्यांत मात्र नीट शिरली. सहाही काठ्या. शेवटची उडी घेऊन ती रिंगणाबाहेर गेली आणि चहावाल्याच्या किटलीपाशी जाऊन बसली, कारण तिथे खारी होती.

रात्री जेवणं झाल्यावर मी व्हिडिओ लावला. पेन्सिल आणि कागद घेऊन. सवय जाते कुठे. हळू गतीने, थांबवत थांबवत. ०:०९, माझा डावा पाय उशिरा. ०:१४, खांदे बोगद्याकडे, म्हणजे ती बरोबर गेली, मी चुकीचं सांगितलं. ०:२१, मी पुलाच्या पुढे धावत सुटले, मग ती उतरताना उडी मारणारच. अकरा खुणा झाल्या आणि अकराही माझ्या नावावर. वेलू सोफ्याखाली झोपली होती, पाय हलत होते. सासूबाई मागे बसून वाती वळत होत्या.

०:३१. पडद्यावर वेलू तिरकी येते, मान खाली घालते आणि पहिली काठी डाव्या खांद्याला घासून आत शिरते.

"हं!" सासूबाई म्हणाल्या.

सोफ्याखालचे पाय थांबले. वेलू उठली, अर्धवट झोपेत, एक कान उभा, एक पडलेला, आणि माझ्याकडे न येता सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसली. "अगं, देतेय, देतेय," म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओट्याकडे गेल्या.